कोट्यवधींची 'उलटी' आणि आमच्या घरचा गोळा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात 'व्हेलची कोट्यवधींची उलटी जप्त' हा मथळा पहिल्या पानावर वाचला. अशा बातमीत दर वेळी गाव बदलते, मोटारीचा रंग बदलतो, मालाचे वजन बदलते. 'आंतरराष्ट्रीय बाजारात किंमत अमुक कोटी' हे वाक्य तेवढे जागचे हलत नाही.

ही किंमत ठरवतो कोण, हे एकदा आपल्या प्रतिनिधीला विचारावे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार अंबरग्रीसची, म्हणजे याच 'उलटी'ची, खरेदी-विक्रीच नव्हे, तर ते नुसते जवळ बाळगणेही आपल्या देशात गुन्हा आहे, आणि किनाऱ्यावर आपसूक वाहून आलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. ज्या मालाला उघड बाजारच नाही, त्याचा कोणीतरी अंदाजाने सांगितलेला आकडा आपण सोन्याच्या दरासारखा छापता.

त्या आकड्याने काय होते, ते आम्ही घरात भोगले आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याला किनाऱ्यावर नारळाएवढा, पिवळट, मेणचट गोळा सापडला. एरवी पहाटेचा मासळीचा लिलाव न चुकवणारा हा मुलगा आपल्याच दैनिकाचे कात्रण खिशात घालून आठ दिवस घरात बसला. गोळा फ्रीजमध्ये, बांगड्यांच्या डब्यामागे. रात्री दार लावून पारख म्हणून गोळ्यात तापवलेली सुई खुपसायची आणि निघालेल्या धुराचा वास घेत बसायचे, हा त्याचा नित्यक्रम झाला. पुढे एक 'जाणकार' भेटला, त्याने तपासणीच्या नावाखाली 12 हजार रुपये घेतले आणि त्या दिवसापासून त्याचा फोन बंद आहे. अखेर मीच पुतण्याला गोळ्यासकट वनखात्याच्या कचेरीत घेऊन गेलो. तेथील गृहस्थांनी गोळा नाकाशी धरला आणि म्हणाले, "काका, हे कुठल्यातरी जहाजातून सांडून थिजलेले तेल आहे. देवाचे आभार माना." वहिनींना त्या फ्रीजमधले दूध अजून घशाखाली उतरत नाही.

मुळात अंबरग्रीसला 'उलटी' म्हणणेही चूकच. स्पर्म व्हेल माकुळांवर, म्हणजे स्क्विडवर, जगतो. त्यांच्या टणक चोची पचत नाहीत आणि त्यांच्याभोवती आतड्यात हा पदार्थ साचत जातो, तोही थोड्याच प्राण्यांमध्ये. बाहेर पडतो तो बहुधा विष्ठेच्या वाटेने. आपण एकदा 'कोट्यवधींची विष्ठा' असा मथळा देऊन पाहिला असता, तर निम्मे गिऱ्हाईक तिथेच पांगले असते. कालच्या बातमीसोबतचे छायाचित्र तर पाण्याबाहेर उसळी घेणाऱ्या हंपबॅक व्हेलचे होते, ज्याचा अंबरग्रीसशी काही संबंध नाही. हीच चूक मी पूर्वीही पत्राने कळवली होती. ते पत्र जागेअभावी राहून गेले असावे. 'व्हेल मासा' या शब्दाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. तो सस्तन प्राणी आहे हे शाळेत शिकूनही आम्ही त्याला देवमासाच म्हणतो.

आकडाच छापायचा तर दुसरा एक आहे. जाळ्यात अडकलेले कासव, डॉल्फिन, देवमासा असे संरक्षित जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य शासन 2018 पासून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देते. फाटलेल्या जाळ्याच्या मानाने ही रक्कम कधी पुरते, कधी पुरत नाही. पण ती मिळते, एवढे तरी लोकांना कळले पाहिजे. आमच्या वाडीत मी सात जणांना विचारले. दोघांनी तिच्याविषयी ऐकले होते. 'उलटी'चा भाव मात्र सातही जणांना तोंडपाठ होता, आणि तो त्यांना कुठून कळला हे मी आपणास सांगायला नको.

नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे पिल्लू रुतले, तेव्हा त्याला पाण्यात लोटण्यासाठी माणसे सुमारे 40 तास झटली. ते वाचले नाही, ही गोष्ट वेगळी. त्या गर्दीत कोणी त्याचा भाव विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तरी यापुढे अशी बातमी छापताना कोटींचा आकडा गाळावा, निदान त्याच्याखाली भरपाईच्या योजनेची माहिती दोन ओळींत द्यावी. हे पत्र छापल्यास सोबत छायाचित्र देऊ नये, ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार, ता. गुहागर