भुलेच्या यंत्रातील नळ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भूल म्हटले की वाचकांसमोर इंजेक्शन येते. ज्या नळ्यांमधून रुग्ण शस्त्रक्रियेभर श्वास घेतो, त्यांच्याविषयी मात्र फारसे छापून येत नाही, म्हणून हे पत्र. वायू संथपणे, थराथराने वाहत असेल तेव्हा नळीचा अवरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे त्रिज्या निम्मी झाली की अवरोध १६ पट होतो. तान्ह्या बाळाच्या बारीक नळीत कफाचा पातळ थर साचला तरी आमची धावपळ उडते, ती याच गणितामुळे. १९३७ मध्ये ब्रिटिश भूलतज्ज्ञ फिलिप आयर यांनी बाळांसाठी बिनझडपेची ‘टी’ आकाराची नळी वापरली, तीही अवरोध कमी राहावा म्हणूनच.

मोठ्यांसाठी आज बहुधा वर्तुळाकार प्रणाली असते. तिच्या एकदिशा झडपांमुळे सोडलेला श्वास सोडा लाइमच्या (चुन्यापासून बनवलेल्या दाण्यांच्या) डब्यातून जातो, तिथे कार्बन डायऑक्साइड शोषला जाऊन उष्णता व ओलावा निर्माण होतो आणि उरलेला वायू नव्या ऑक्सिजनसह रुग्णाकडे परततो. काम चालू असताना डब्याला हात लावला तर तो चक्क कोमट लागतो. दाणे निकामी होत आले की पांढऱ्याचे जांभळे होतात. पण रात्रभर विसावले की तो रंग पुन्हा फिका पडू शकतो, आणि सकाळी पांढराशुभ्र दिसणारा डबा नवख्याला हमखास फसवतो. म्हणून मी रंगापेक्षा मॉनिटरवरील कार्बन डायऑक्साइडच्या आलेखावर अधिक विसंबतो: श्वास आत घेताना ती रेषा शून्याला टेकत नसेल, तर आधी डबा आणि झडपा तपासाव्यात.

आपला,
एक भूलतज्ज्ञ, सातारा