जाग येणे आणि उठणे

इंदिरानगर, नाशिक
रविवार, १८ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांना साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, निवृत्तिनाथांच्या यात्रेहून परतताना तुम्ही एक रात्र येथे थांबलात आणि पहाटे पाच वाजता मला स्वयंपाकघरात उभा पाहून "हे कधीपासून?" एवढेच विचारलेत. मी नीट उत्तर देईपर्यंत माझी बसची वेळ झाली. पुढे तुम्ही ती हकिगत घरी गेल्यावर आईला सांगितलीत, तिचा त्यावर विश्वास बसला नाही आणि काल फोनवर तिने मला सगळे सविस्तर लिहून कळवायला बजावले. ज्याला तुम्ही दोघांनी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत सूर्यवंशी म्हटले, त्याने लवकर उठण्याविषयी पत्र लिहावे हे मलाही थोडे विनोदी वाटते; परंतु गेल्या अडीच महिन्यांत या एका विषयाचा मी जेवढा विचार केला आहे तेवढा दहावीच्या गणिताचाही केला नव्हता.

दिवाळीनंतर मला कारखान्यात पहिली पाळी लागली हे तुम्हाला ठाऊक आहेच. अंबडला सात वाजता कामावर उभे राहायचे, म्हणून कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावर सहा वाजून वीस मिनिटांनी येते आणि ती कोणासाठीही थांबत नाही. त्यापूर्वी मी सातला उठत असे. पहिल्याच दिवशी मी एकदम पाचचा गजर लावला, मोठ्या निर्धाराने उठलो, दुसऱ्या दिवशीही उठलो, आणि तिसऱ्या दिवशी डोळे उघडले तेव्हा पावणेसात झाले होते. रिक्षाला पैसे मोजून गेलो, तरी अर्धा तास उशीर झालाच, आणि साहेबांनी सर्वांसमोर घड्याळाकडे पाहिले. ते बोलले असते तर बरे झाले असते.

त्या दिवशी सर्वांत आश्चर्य वाटले ते याचे की गजर वाजला होता, आणि तो मीच बंद केला होता. फोन मुद्दाम स्वयंपाकघरातील फळीवर ठेवला होता. म्हणजे मी पलंगावरून उतरलो, बारा पावले चाललो, गजर बंद केला आणि परत येऊन गोधडीत शिरलो, आणि यातले मला काहीही आठवत नव्हते. झोपेतून बाहेर येताना मेंदू एकदम पूर्ण जागा होत नाही. पहिली पंधरा ते तीस मिनिटे, कधी त्याहूनही अधिक वेळ, एक गुंगी राहते आणि त्या गुंगीत घेतलेला निर्णय हा आपला निर्णय नसतो. आपल्या भाषेत 'जाग येणे' आणि 'उठणे' असे दोन वेगळे शब्द आहेत, ते किती विचारपूर्वक केलेले आहेत हे मला तेव्हा पटले. गजर फक्त जाग आणतो. 'आणखी नऊ मिनिटांनी वाजव' असे त्याला सांगून पुन्हा डोळा लावण्याची जी सोय फोनमध्ये आहे, ती तर माझ्या मते गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून केलेली आहे; त्या नऊ-नऊ मिनिटांच्या डुलक्यांनी मला कधी विश्रांती मिळाली नाही आणि कधी जागही आली नाही.

म्हणून मी असा विचार केला की पाच वाजता मला काहीही ठरवावे लागू नये. जे काही ठरवायचे ते रात्री, शहाणपण शाबूत असताना ठरवून ठेवावे. आता रात्री झोपण्यापूर्वी चहाच्या पातेल्यात मोजून पाणी घालून वर झाकण ठेवतो, शेजारी वाटीत साखर व चहापूड काढून ठेवतो आणि झाकणावर लायटर ठेवतो. स्वेटर आणि मोजे उशाशी, गोधडीच्या आतच ठेवतो, म्हणजे ते उबदार राहतात आणि बाहेरच्या गारठ्याचे निमित्त उरत नाही. परंतु खरी युक्ती गिझरची आहे. त्याचे बटण न्हाणीघराच्या बाहेर, फोनच्या फळीजवळच आहे. गजर बंद केला की त्याच हाताने मी गिझर सुरू करतो. एकदा तो तांबडा दिवा लागला की मला पुन्हा झोपता येत नाही, कारण वीज जळत असताना अंथरुणात पडून राहणे मला या जन्मी शक्य नाही. रिकाम्या खोलीतला दिवा विझवण्यासाठी तुम्ही मला लहानपणी किती वेळा अंथरुणातून उठवून पाठवले आहे, ते आठवा. त्या संस्काराचा हा असा उपयोग होईल असे तुम्हालाही वाटले नसेल.

दुसरी चूक सुधारायला अधिक दिवस लागले. सातवरून पाचवर एका रात्रीत येणे शरीराला मानवत नाही. आपल्या आत जे घड्याळ आहे (ते शरीरात नेमके कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले आहे), ते बहुतेक माणसांमध्ये चोवीस तासांपेक्षा किंचित लांब फेरी घेते. त्यामुळे रात्री जागून उशिरा उठण्याकडे ते आपोआप घसरते, आणि त्याला अलीकडे ओढायचे म्हटले की रोज जोर लावावा लागतो. मी पंधरा पंधरा मिनिटांनी मागे आलो. दोन-तीन दिवस पावणेसात, मग साडेसहा, असे करीत पाचवर स्थिर व्हायला जवळजवळ महिना गेला. त्या महिन्यात एका सहकाऱ्याने मला त्याच्या स्कूटरवरून नेले, त्याचे उपकार आहेत. आणि जेवढे उठणे मागे आले तेवढेच निजणेही मागे आणावे लागले. लवकर निजे, लवकर उठे ही म्हण आपण सगळे उलट्या बाजूने वाचतो. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागतेच, तेव्हा पाचला उठायचे तर पावणेदहाला दिवा मालवायला हवा, यात कोणतीही युक्ती चालत नाही. आमचे साडेनऊचे जेवण आता आठला होते. सुनबाईंनी सुरुवातीला कुरकुर केली, आता त्यांनाच ते आवडते. संध्याकाळी सहाचा चहाही बंद केला आहे, कारण चहातील उत्तेजक द्रव्य निम्मे व्हायलाच साधारण पाच तास लागतात, आणि मी इतकी वर्षे ते पोटात घेऊन झोप का येत नाही म्हणून छताकडे पाहत पडत होतो.

आता आई, तुझ्याविषयी. बाबा माझी गोधडी ओढत असत आणि तू मात्र मला कधी हाक मारली नाहीस. तू फक्त ओसरीचे दार उघडत होतीस. ते दार पूर्वेला होते, माझे अंथरूण त्याच्यासमोर होते, आणि तोंडावर उजेड आला की मी आपोआप उठून बसत असे. मला वाटायचे की तू सडा घालण्यासाठी दार उघडतेस. या दोन महिन्यांत मी जे काही वाचले त्यावरून सांगतो, की तुम्हा दोघांमध्ये बरोबर तुझेच होते आणि बाबांची पद्धत अगदी दुय्यम होती. डोळ्याच्या आतील पडद्यावर काही पेशी अशा असतात की ज्यांचे मुख्य काम उजेड आहे की अंधार एवढे मेंदूतील घड्याळाला कळवण्याचे असते. सकाळचा उजेड ते घड्याळ अलीकडे आणतो आणि रात्रीचा उजेड, फोनचाही, ते लांबवतो. माझ्या या घराला पूर्वेचे दारच नाही. समोर सहा मजली इमारत, खिडकीला जाड पडदे. या घरात सूर्य उगवल्याचे वर्तमान दहा वाजता कळते.

त्यातून नाशिकची आणखी एक गंमत आहे. आपल्या देशाची घड्याळे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, पावणेचौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास आहोत. प्रत्येक अंशाला चार मिनिटे धरली तर आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे पस्तीस मिनिटे मागे चालतो. सध्या येथे सूर्योदय सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास होतो. म्हणजे घड्याळात पाच वाजतात तेव्हा सूर्याच्या हिशोबाने साडेचारही झालेले नसतात. बाबा, तुम्ही मला नेहमी चार वाजता ब्राह्ममुहूर्त असतो असे सांगत आलात. परंतु तो सूर्योदयाच्या दोन मुहूर्त, म्हणजे शहाण्णव मिनिटे आधी सुरू होतो, आणि त्या गणिताने जानेवारीतला नाशिकचा ब्राह्ममुहूर्त साडेपाचच्या सुमारास लागतो. यावर तुमचे उत्तर तयार असेल हे मी जाणून आहे, तरी लिहून ठेवले.

उजेड नाही तर तो आणावा लागतो. उठल्याबरोबर मी स्वयंपाकघरातील पांढरी ट्यूब लावतो आणि चहा तिच्याखाली उभा राहून पितो. कारखान्यात नऊच्या चहाच्या सुट्टीत इतर लोक कॅन्टीनमध्ये बसतात, मी बाहेर आवारात उन्हात उभा राहतो. तुमच्या दाराची सर याला नाही, पण काम भागते.

साखरझोपेविषयी मात्र माझे मत तुमच्याहून वेगळे आहे. ती आळसाची खूण आहे असे आपल्याकडे समजतात. वास्तविक नेहमीच्या उठण्याच्या वेळेपूर्वी साधारण दोन तास शरीराचे तापमान सर्वांत खाली आलेले असते, आणि स्वप्ने पडणारी झोपही रात्रीच्या शेवटच्या भागातच जास्त असते. तेव्हा पहाटेची झोप गोड लागते ती उगाच नव्हे. ज्याची उठण्याची वेळ अलीकडे सरकते त्याची साखरझोपही अलीकडे सरकते. आता मला ती तीनच्या सुमारास लागत असावी. पाचला ती संपत आलेली असते. म्हणूनच रविवारी नऊपर्यंत लोळण्याचे सुखही सोडले. दोन रविवार तसे केले तेव्हा सोमवार आणि मंगळवार दोन्ही हातचे गेले. आज सहाला उठलो. दुपारी वीस मिनिटे पडलो, तेही तीनच्या आत.

तुमची नात सध्या दहावीत आहे आणि तिला उठवणे हे घरातील सर्वांत अवघड काम आहे. बाबा, तुम्ही त्या सकाळी तिच्या तोंडावर पाणी मारायला निघाला होतात. कृपा करून तसे करू नका. या वयात मुलांचे आतील घड्याळच उशिराने चालू लागते, रात्री अकरापर्यंत तिला खरोखर झोप येत नाही. मी फक्त तिच्या खोलीचा पडदा सरकवतो, पुढचे तिच्यावर सोडतो.

आता ज्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसलो ते लिहितो. त्या पहाटे मी उठलो तेव्हा बाबा, तुम्ही अंधारात बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून होतात, आणि साडेतीनपासून जागे असल्याचे सांगितलेत. आईही फोनवर हेच सांगते. वय वाढते तसे हे घड्याळ अलीकडे सरकते व झोप सावध होते. त्यात आजार नाही. परंतु तुम्ही दोघे संध्याकाळी सातला बातम्या लावून खुर्चीत पेंगता, जेवून साडेआठला आडवे होता, आणि मग साडेतीनला झोप पुरी होते, यात नवल काय? तेव्हा संध्याकाळी पाच ते सहा ओट्यावर उन्हात बसत जा, किंवा कांद्याची लागण कुठपर्यंत आली ते पाहायला बांधापर्यंत चालत जा. संध्याकाळच्या उजेडाने झोप थोडी उशिरा येईल आणि जागही उशिरा येईल. जेवणापूर्वीची पेंग टाळा. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, शेजाऱ्यांनी दिली तरी.

आणि बाबा, जाग आली की तुम्ही ताडकन उठून चालू लागता, ते सोडा. रात्री दारे धरायला दोन वाजता उठून शेतात जात होतात तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आता रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि पडलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्तदाब क्षणभर उतरून भोवळ येऊ शकते. कुशीवर वळा, पाय खाली सोडून मिनिटभर बसा, हवे तर तेवढ्यात हातांकडे पाहून तुमचे नेहमीचे 'कराग्रे' म्हणा, आणि मगच उभे राहा. ते म्हणण्याची रीत कोणी घातली ठाऊक नाही, पण तुमच्या वयाला ती अगदी योग्य आहे. मोरीकडे जाताना लागणारा छोटा दिवा मी पाठवीत आहे, तो रात्रभर लावून ठेवला तरी वीज फारशी जळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

एक विनंती आहे. गजरासाठी फोन लागतो, म्हणून तो रात्री घरात हाताशी राहतो, आणि हाताशी राहिला की पावणेदहाचे साडेदहा होतात. माळ्यावर लोखंडी पेटीत तुमचे चावीचे गजराचे घड्याळ असेल, ज्याच्या आवाजाने गोठ्यातली गायही उठत असे. मामा शनिवारी नाशिकला येणार आहे, त्याच्याबरोबर ते पाठवा. पाठीमागची चावी सैल होती, ती पडू नये म्हणून आईने दोऱ्याने बांधून ठेवली होती. तो दोरा तसाच असू द्या.

तुमचा आज्ञाधारक मुलगा