कामगार मंत्र्यांना खुले पत्र: माझे नाव कंपनीपर्यंत कोणी पोहोचवले?

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या खात्याचे पत्र मिळाले. आमच्या कारखान्यात पॉवर प्रेसचे, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनचे, गार्ड काढून ठेवलेत आणि हात आत आला की मशीन थांबवणारे सेन्सर बायपास केलेत, अशी लेखी तक्रार मी केली होती. तिचे उत्तर चार ओळींत आले. कारखान्यास भेट दिली, तक्रारीत तथ्य आढळून आले नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. विषयाच्या ओळीत माझे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आणि खाली 'प्रत माहितीस्तव' म्हणून कारखान्याचे व्यवस्थापक.

त्यांची प्रत माझ्या आधी पोहोचली असणार. कारण मला पोस्टमन भेटायच्या आधीच गेटवर माझा पास बंद झाला होता. ठेकेदार म्हणाला, "वरून सांगितलंय, हिशेब घे आणि जा." वरून म्हणजे कुठून, ते मला नंतर पाकीट फोडल्यावर कळले.

मंत्रीमहोदय, नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 मध्ये 118-अ नावाचे एक कलम होते. तक्रार कोणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवावे, असे ते सांगायचे. एवढेच नाही, तपासणीला गेल्यावर ही तपासणी तक्रारीवरून होत आहे, हेसुद्धा मालकाला कळू द्यायचे नव्हते. तक्रारदाराची संमती असेल तरच नाव सांगता येत होते. हे कलम 1987 च्या दुरुस्तीत आले, भोपाळमध्ये हजारो माणसे मेल्यावर. मला कोणी संमती विचारली नाही. आपल्या कार्यालयात हे कलम कोणी वाचले आहे का, हा माझा पहिला प्रश्न आहे. उत्तर नकारार्थी असेल तर तसेच कळवा, निदान खोटेपणा तरी नको.

मी डायसेटर आहे, प्रेसवर साचे बसवणारा. होतो म्हणा. उजव्या हाताची दोन बोटे याच शॉपमध्ये गेली. मशीन जुने, पिन क्लचचे. ज्यांनी प्रेसवर काम केले नाही त्यांच्यासाठी सांगतो. या मशीनवर पेडल दाबले की स्ट्रोक पुरा होणारच, मध्ये थांबत नाही. म्हणून त्याला सेन्सर लावूनही उपयोग नसतो, पक्का गार्डच लागतो. पिन झिजली, स्प्रिंग ढिली झाली की पेडलवर पाय नसतानाही रॅम, म्हणजे वरचा दाबणारा भाग, पुन्हा खाली येतो. याला आम्ही डबल स्ट्रोक म्हणतो. तुम्ही पीस काढायला हात घातलेला असतो. गार्ड असता तर हात आत गेलाच नसता, पण गार्ड लावला की तासाचे पीस कमी निघतात, म्हणून तो भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. त्याच कायद्याचे कलम 21 म्हणायचे, यंत्राचे धोकादायक भाग चालू असताना आवरणाखालीच पाहिजेत. आमचे आवरण भिंतीला होते. भिंत अगदी सुरक्षित राहिली.

माझे ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, कार्ड अपघाताच्या दिवशी निघाले. अनेक वर्षे काम करत होतो, पण कागदावर मी त्याच दिवशी जन्मलो. पुढे मेडिकल बोर्ड झाले. एका हाताची दोन बोटे गेली तर कमाईची क्षमता 20 टक्के गेली, असा तक्ता 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात होता. तीन गेली तर 30. हिशेब सोपा आहे. पण उरलेल्या 80 टक्क्यांना काम कोण देते ते तक्त्यात नव्हते. मुलाखतीला गेलो की सुपरवायझर आधी हाताकडे बघतो, मग मी जे सांगतो ते ऐकायचे सोडून देतो. शर्टाचे बटण लावायला बायकोला हाक मारावी लागते. नसलेली बोटे थंडीत ठणकतात, आणि डॉक्टर म्हणतात असे होते. आता त्यात भर म्हणून ठेकेदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझा फोटो फिरतो आहे, खाली लिहिलेय 'तक्रारखोर'. आपल्या खात्याने प्रत माहितीस्तव पाठवली, तिची पुढची माहिती ही अशी पसरली.

एवढे होऊनही मी माझ्या बोटांसाठी तक्रार केली नव्हती. स्वतःचे गेले ते गिळून मी त्याच शॉपमध्ये पुन्हा कामावर गेलो होतो. त्याच मशीनवर नांदेडकडच्या एका पोराची तीन बोटे गेली, तेव्हा मी अर्ज लिहिला. त्याचे लग्न ठरले होते. त्याच्या अपघाताच्या कागदावर 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे' असे छापल्यासारखे लिहिले होते. माझ्याही कागदावर तेच वाक्य होते.

आपले साहेब तपासणीला आले तो दिवस मला आठवतो. सकाळपासून झाडलोट, सगळ्यांना हेल्मेट, भिंतीवरचे गार्ड मशीनवर, सेन्सर चालू. प्रेसच्या शॉपमध्ये हेल्मेट कशाला, हे विचारू नका, ते फोटोत छान दिसते. साहेबांनी रजिस्टर पाहिले, ऑफिसात बसले, निघून गेले. एकाही ऑपरेटरशी बोलले नाहीत. बरे झाले म्हणा, बोलले असते तर त्याचेही नाव पत्रात आले असते.

आणि समजा तथ्य आढळलेच असते, तर? कारखाने अधिनियमाखाली खटला फक्त निरीक्षक दाखल करू शकत होता किंवा त्याची लेखी परवानगी लागायची. कामगाराने थेट कोर्टात जायची सोय नव्हती. निरीक्षकाला कळल्यापासून तीन महिन्यांत तक्रार दाखल झाली नाही तर कोर्ट ती घेत नव्हते. म्हणजे साहेबांनी फाइल तीन महिने टेबलावर ठेवली की मालक निर्दोष! अशा अपघातात मृत्यू झाला तर दंड कमीत कमी 25 हजार, गंभीर इजा झाली तर 5 हजार होता. आणि गंभीर इजा म्हणजे काय याच्या व्याख्येतून बोटाच्या एका हाडाचे मोडणे मुद्दाम वगळले होते. ज्याने हे लिहिले त्याने कधी बोट मोडून घेतलेले नसावे.

देशपातळीवर बघायचे तर डीजीफासली या कारखान्यांच्या सुरक्षेचे काम बघणाऱ्या केंद्राच्या कार्यालयाचे आकडे माहिती अधिकारातून बाहेर आले आहेत. 2018 ते 2020 या तीन वर्षांत नोंदणीकृत कारखान्यांत 3,331 मृत्यू. त्याच काळात या कायद्याखाली तुरुंगात गेलेले लोक 14. रोजची तीन माणसे, आणि वर्षाला पाच जणही आत नाहीत. नोंदणी नसलेल्या शेडमधले मेले ते या हिशेबात नाहीतच.

डोंबिवलीत 2016 च्या मे महिन्यात स्फोट झाला, 12 गेले. धोकादायक कारखाने हलवू, अशा घोषणा झाल्या. 2024 च्या मे महिन्यात त्याच एमआयडीसीत पुन्हा स्फोट, दहावर माणसे गेली. 2021 मध्ये मुळशीत उरवड्याला पॅकिंग करणाऱ्या बाया जळाल्या. 2023 मध्ये तळवड्यात वाढदिवसाच्या मेणबत्त्या करणाऱ्या. प्रत्येक वेळी मदतीची घोषणा, चौकशी समिती, सगळ्या कारखान्यांचे ऑडिट. ऑडिट झाले असेल तर अहवाल कुठे लावलाय ते सांगा, मी वाचायला येतो, वेळच वेळ आहे मला.

आता 21 नोव्हेंबर 2025 पासून कारखाने अधिनियमाच्या जागी कामगार सुरक्षेची नवी संहिता आली. दंड वाढला, मृत्यूला किमान पाच लाख, त्यातला निम्मा वारसांना देण्याचा आदेश कोर्ट करू शकते. चांगले आहे, मान्य. पण वीज वापरणारा कारखाना म्हणायला आता केंद्राच्या जुन्या कायद्यातल्या दहाऐवजी 20 कामगार लागतात. आमच्या वसाहतीत प्रेसची निम्मी शेड 12-15 माणसांची आहेत. आणि कुठे तपासणी करायची ते कॉम्प्युटर ठरवणार. भारताने 1949 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 81 वा करार मान्य केला. निरीक्षकाला दिवसा-रात्री कधीही, न सांगता आत जाता यावे, असे त्यात लिहिले आहे. दरवर्षी 4 मार्चला सुरक्षा दिनाची शपथ आम्ही हात पुढे करून घेतो. मीही घेतली, आठ बोटांनी.

माझी मागणी फार नाही. नाव फोडणाऱ्यावर कारवाई करा आणि ती मला लेखी कळवा. त्या पोराचा आणि माझा अपघात 'निष्काळजीपणा' या सदरातून काढा. मला कामावर घ्यायला लावाल अशी आशा मी ठेवलेली नाही.

आणि तो पिन क्लचचा प्रेस अजून चालू आहे. पुन्हा कोणाला पाठवणार असाल तर तिसऱ्या पाळीला पाठवा, रात्री दोननंतर, आधी फोन न करता. दिवसा सगळे गार्ड लावलेले असतात.

आपला,
एक डायसेटर
(नाव आपल्या कार्यालयात आहेच, आणि कंपनीतही)