तिने किल्ल्या तुळशीपाशी ठेवल्या, तिथंच संपलं होतं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत अधूनमधून एक चौकट येते, अमुक मालिका प्रेक्षकांचा निरोप घेणार. खाली सेटवर केक कापतानाचा फोटो. केक कोणी कापला ते कळतं, शेवट कसा झाला ते कोणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय, कात्री लावलीत तरी चालेल, फक्त सासूबाईंचं म्हणणं तेवढं ठेवा.

मी सांगलीच्या गावभागात राहते, घरी साड्यांना फॉल-पिको करून देते. संध्याकाळी सात ते दहा टीव्ही चालू असतो. मी निम्मं बघते आणि निम्मं ऐकते, कारण डोळे साडीच्या काठावर असतात. बघण्याचं खरं काम सासूबाईंचं. त्यांचं वय ८३, माहेर हरिपूर, म्हणजे नाटककार गो. ब. देवलांचं गाव. नाटका-सिनेमाचा विषय निघाला की, "मी देवलांच्या गावची आहे, मला शिकवू नका," हे एकदा तरी होतंच.

आमची आठ वाजताची मालिका गेल्या मे महिन्यात संपली. नाव लिहीत नाही, त्यात काम करणाऱ्यांचा दोष नाही. तीन वर्षं चालली, आठवड्याला सहा भाग. मी एकदा ब्लाउजपीसच्या कागदावर हिशेब केला होता. जाहिराती वगळून बावीस मिनिटांचा भाग धरला आणि भाग ९०० धरले, तरी ३३० तास होतात. म्हणजे न झोपता, न उठता जवळजवळ चौदा दिवस. एवढा वेळ मी माझ्या सख्ख्या नणंदेबरोबरही बसलेली नाही.

गोष्ट नेहमीचीच. मोठा वाडा, कपटी थोरली जाऊ, आणि धाकटी सून, जिच्या हातात सासऱ्यांनी पहिल्याच महिन्यात किल्ल्यांचा जुडगा दिला. पुढची तीन वर्षं तो जुडगा या कमरेवरून त्या कमरेवर. शेवटच्या आठवड्यात कोर्टाचा निकाल लागला, वाडा धाकटीला मिळाला. आता ती काय करणार, हा प्रश्न शनिवारच्या एक तासाच्या शेवटच्या भागावर येऊन थांबला होता.

आणि शनिवारी संध्याकाळी साडेसातला वळीव आला. झाड तारेवर पडलं, लाईट गेली. सासूबाई नऊ वाजेपर्यंत अंधारात टीव्हीकडे तोंड करून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्याला येणाऱ्या मावशींनी शेवट सांगितला. त्या मिरजेच्या बाजूला राहतात, तिकडे लाईट होती. राखेचा हात तसाच ठेवून, पाटावर बसून त्यांनी सांगितलं ते असं. धाकटी पहाटे उठली, चूल पेटवली, सगळ्यांना चहा करून ठेवला. मग जावेच्या खोलीच्या दारापर्यंत गेली, पण दार वाजवलं नाही. अंगणात आली. "आन् किल्ल्या तुळशीपाशी ठिवल्या वो आज्जी. कमरंचं सोडलं, हळू ठिवलं, आवाज सुदीक न्हाई केला. आन् गेली. म्हागं न बगता." एवढं बोलून मावशी पुन्हा कढई घासायला लागल्या. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. मीही सुईत दोरा ओवायचा म्हणून खिडकीकडे वळले.

दोन दिवसांनी भाच्याने मोबाईलवर तो भाग लावून दिला. किल्ल्या तुळशीपाशी ठेवल्याचा प्रसंग होता, खरोखर चांगला होता. पण तो भागाच्या मध्यावर होता, आणि तुळशीपासून वेशीपर्यंत सगळा मिळून मिनिटभरसुद्धा नसेल. पुढे घरातले सगळे तिच्यामागे धावले. जाऊ रडली, पाया पडली, एका गाण्यात सुधारली. "सहा महिन्यांनंतर" अशी अक्षरं आली. बारसं झालं. त्या बारशाला त्याच वाहिनीच्या येणाऱ्या मालिकेची नायिका पाहुणी म्हणून आली आणि सोमवारपासून मला बघा असं सांगून गेली. मग सगळ्यांचा एकत्र फोटो, आणि ज्या माणसांवर आम्ही तीन वर्षं जीव लावला ती माणसं कॅमेऱ्याकडे बघून हात हलवायला लागली.

मावशींना विचारलं, तुम्ही हे बारसं सांगितलंच नाही! त्या म्हणाल्या, "झालं की बारसं. पन ती गेली तितंच संपलं. म्होरं नुसता कालवा."

संपादक महोदय, वाहिन्यांच्या कचेरीत या मावशींना एक खुर्ची द्यायला हवी.

मी त्या दिवसापासून विचार करतेय की त्यांना हे कळलं कसं. मला माझ्या वडिलांची आठवण होते. ते दिवसा मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहायचे आणि रात्री हौशी मंडळींच्या नाटकाचा दर्शनी पडदा ओढायचे. भावे नाट्यमंदिरात राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी मी विंगेत त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून कितीतरी नाटकं पाहिली, तीही आडवी, एका बाजूने. एका नाटकात शेवटचं वाक्य झालं, पलीकडच्या विंगेतून दिग्दर्शक "पाडा, पाडा" म्हणून हात नाचवतोय, आणि वडील दोरी धरून तसेच उभे. रंगमंचावरच्या बाईने हातातला जेवणाचा डबा खाली ठेवला, मगच पडदा आला. दिग्दर्शक फार चिडला होता. घरी येताना सायकलवर मागे बसून मी विचारलं, तेव्हा म्हणाले, तिच्या हातात डबा होता, पडदा कसा पाडायचा?

आता कळतं की त्यांना आणि मावशींना एकच गोष्ट दिसत होती. कोणाच्या हातात काय राहिलंय ते.

आमच्या मालिकेत धाकटीचे हात किल्ल्या ठेवून मोकळे झाले होते. पण दुसऱ्या एका हातातलं तसंच राहिलं, आणि ते सासूबाईंनी पकडलं. वाड्यात एक सगळ्यात धाकटा दीर होता. पहिल्या वर्षी त्याने वहिनीची पाटली गुपचूप गहाण टाकली, ती सोडवून आणतो म्हणून बेंगलोरला नोकरीला गेला, तो पुन्हा दिसला नाही. त्याचा फोनही नाही. बारशाच्या फोटोतही तो नव्हता. सासूबाईंनी मोबाईल बंद करायला लावला आणि म्हणाल्या, "पोरगं बेंगलोरलाच राहिलं." मग जेवताना एकदा, अंथरूण घालताना एकदा. बारसं झालं त्याचं त्यांना काही नाही. उलट धाकटी परत आली ते त्यांना आवडलं. "आमच्या वेळी बाहेर पडलेली परत आली नसती, टीव्हीत तरी येऊ दे." इथे माझं आणि त्यांचं जमत नाही. पण पाटलीच्या बाबतीत आम्ही दोघी एक आहोत.

हा त्यांचा जुना स्वभाव. दूरदर्शनवरचं रामायण ३१ जुलै १९८८ ला राज्याभिषेकावर संपलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आणि सीतेचं काय झालं?" त्या एकट्याच नव्हत्या. तिकडे जालंधरला सफाई कामगारांनी पुढची कथा दाखवा म्हणून संप केला होता, आणि पुढे उत्तररामायण आलं. सीतेचं काय झालं ते सगळ्या देशाला पाठ होतं. तरी ते सांगितल्याशिवाय लोक उठायला तयार नव्हते.

म्हणून शेवट काय आहे हे फुटू नये म्हणून वाहिन्या जी लपवाछपवी करतात, तिचं मला नवल वाटतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांपुढे सीतास्वयंवर केलं. समोर बसलेल्यांत धनुष्य रामच उचलणार हे माहीत नसलेला एक तरी माणूस असेल का? त्या खेळापासून आपण मराठी रंगभूमी मोजतो, ५ नोव्हेंबरला आमच्याकडे त्याचा सोहळा होतो. संभाजी महाराजांवरची मालिका २०२० च्या फेब्रुवारीत संपली, तिचा शेवट तर शाळकरी पोरालाही ठाऊक होता. आमच्या घरी त्या रात्री पानं वाढलेली तशीच राहिली.

धक्का बसला नाही म्हणून आम्ही कधी नाराज झालेलो नाही. नाराज होतो ते न पटणाऱ्या धक्क्याने. ती थोरली जाऊ घ्या. तीन वर्षं जिने दुधात काय काय कालवलं, ती एका गाण्यात सुधारली! सांगलीच्या माणसाला हे कसं पटावं? आम्ही पाणी फुटांवर मोजणारी माणसं. पावसाळ्यात दोघं भेटले की आधी विचारतात, आयर्विनला किती? म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर गेलं तेही फुटाफुटाने. आधी धरणातून किती सोडलं ते कळलं, मग घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या, मग गल्लीच्या तोंडाशी ओल आली, मग आम्ही साड्यांची गाठोडी माळ्यावर टाकली. उतरतानाही तसंच. भिंतीवर दर दिवसाची एक रेघ राहिली होती. जावेच्या मनातलं पाणी उतरायचं असेल तर त्याच्या दोन-चार रेघा आम्हाला आधी दिसायला नकोत का? एखाद्या भागात तिने नुसता धाकटीसाठी चहा झाकून ठेवला असता तरी भागलं असतं. (त्या पुरात आमचा टीव्ही गेला. पाहुण्यांकडे मुक्कामाला असताना सासूबाईंना घराच्या खालोखाल काळजी होती ती चुकलेल्या भागांची. हसू नका, त्या दिवसांत त्यांना दुसरं काही विचारायची भीतीच वाटत होती.)

आता लिहिणाऱ्यांची बाजू. माझी मावसबहीण सातारा तालुक्यात दिलेली आहे. तिकडे गेली काही वर्षं मालिकांची बरीच चित्रीकरणं होतात, तिच्या दिरांचा वाडाही एका मालिकेला भाड्याने दिला होता. आमची नव्हे, दुसरी. ती सांगते, दर गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की युनिटमधल्या लोकांची तोंडं बघून समजायचं. मालिका बंद होणार हे कळलं आणि हातात तीन आठवडे राहिले. चित्रित करून ठेवलेले जादा भाग, ज्याला ते लोक बँक म्हणतात, ते दोन-तीनच. ज्या नटाचं प्रकरण मिटवायचं होतं त्याच्या तारखा दुसरीकडे गेलेल्या. मग लेखकाने काय करायचं? त्याला दिल्लीला पाठवला. आमच्या दिराला बेंगलोरला धाडलं ते बहुधा असंच.

तिने आणखी एक गंमत सांगितली. शेवटच्या भागातला निरोपाचा प्रसंग सकाळी अकराला घेतला आणि ज्या भांडणामुळे तो निरोप, ते भांडण दुपारी जेवणानंतर. सकाळी हमसून हमसून रडलेली बाई जेवताना दोन वेळा जिलबी मागून घेत होती. मला त्या बाईचं कौतुकच वाटलं.

हे सगळं कळतं. तीन आठवड्यांत तीन वर्षांची आवराआवर करणं सोपं नाही. पण बारशाला वेळ मिळाला, पाहुण्या नायिकेला मिळाला, हात हलवायला मिळाला. त्यातल्या एका मिनिटात पोस्टमन येऊन बेंगलोरहून आलेलं पुडकं देऊन गेला असता. नटाची गरज नव्हती, तारखांची गरज नव्हती. पुडक्यात पाटली. सासूबाई त्या रात्री शांत झोपल्या असत्या. मी त्यांना हे सुचवलं, तर म्हणाल्या, "पोस्टमन कशाला, पाटली परत आलेली तिच्या हातात दिसली तरी मला कळलं असतं."

तेव्हा आपल्याला एक विनंती आहे. नवी मालिका सुरू होताना आपण अर्धं पान देता, नायिकेची आवडती भाजीसुद्धा छापता. जी संपते तिच्या शेवटच्या भागावरही कोणाला तरी लिहायला सांगा. कोणाचं काय मिटलं, काय राहिलं, कोण कुठल्या गावाला गेलं ते आलेलंच नाही. वाहिनीवाले वाचतील न वाचतील, आमच्या गल्लीत मात्र वाचलं जाईल.

बारशाला आलेली पाहुणी नायिका आता रोज आठ वाजता आमच्याकडे असते. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात नातवाला कालनिर्णयचं जुनं पान उलटं करून समोर बसवलं आणि मालिकेतल्या माणसांची नावं लिहायला लावली. कोण कोणाचा कोण, कोणाकडून काय घेतलंय, कोण कुठे गेलाय. परवा नायिकेचा मामा कर्ज काढून दुबईला गेला, तेही त्यांनी लगेच नोंदवून घेतलं. आजवर एकोणीस नावं झालीत.

आपली,
एक वाचक,
गावभाग, सांगली