प्रत्येक मुलाला काम देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

निकाल लागला, दाखला हातात आला, मुलगा पुढच्या शिक्षणाला लागलासुद्धा. तुमचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले. ते आज सगळ्यांसमोर मानते आहे. तुमची शाळा पटसंख्या कमी म्हणून मोठ्या शाळेत विलीन करायची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. शाळेत मुलं किती, हे त्या चर्चेतल्या प्रत्येकाला पाठ आहे. त्या मुलांना तिथे काय मिळतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

मुलगा तुमच्याकडे आठवीत आला. आधीच्या शाळेत एकेका इयत्तेच्या आठ-आठ तुकड्या, मोठं मैदान, भलं मोठं सभागृह. त्याचा कुणाला त्रास नव्हता आणि तो कशात चमकतही नव्हता, त्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्ष जायला कारणच नव्हतं. बोलताना अडखळायचा, म्हणून वर्गात हात वर करणं त्याने कधीच सोडून दिलं होतं. वर्ष संपताना पालकसभेत त्याच्या शिक्षकांनी मला विचारलं, "आपला मुलगा कोणता?" त्यांना तरी दोष कसा देऊ? शेकडो वह्या तपासणाऱ्या माणसाने किती चेहरे लक्षात ठेवायचे?

प्रवेशाच्या वेळी तुम्ही आधी शाळेत काय नाही ते सांगितलंत. संगीताला वेगळे शिक्षक नाहीत, भाषेला पर्याय नाही, मैदान म्हणजे इमारतीमागचं अंगण. मग म्हणालात, "आमच्याकडे मुलं कमी आहेत, त्यामुळे याला नुसतं बसून राहता येणार नाही." त्या वाक्याचा अर्थ मला पुढे वर्षभर उलगडत गेला.

नववीतल्या प्रयोगशाळेबद्दल सांगायलाच हवं. आधीच्या शाळेत प्रयोग सर करून दाखवायचे आणि मुलं फळ्यावरचे आकडे वहीत उतरवून घ्यायची. तुमच्याकडे ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेल्या आकडे आखलेल्या काचनळ्या, मोजक्याच, पण मुलंही मोजकीच. आम्लात आम्लारी थेंबाथेंबाने सोडायची पाळी प्रत्येकाची यायची. घरी येऊन तो मला पाण्याच्या ग्लासवर समजावून सांगायचा: द्रवाचा पृष्ठभाग मध्ये खोलगट असतो, त्या खोलगट भागाचा तळ डोळ्यांच्या रेषेत आणून आकडा वाचायचा, वरून पाहिलं तर चुकतो. मिश्रणाला गुलाबी रंग आला आणि शंकुपात्र हलवल्यावर गेला, तर अजून थांबायचं. टिकला की तोटी बंद. त्याची वाचनं जुळत नव्हती तेव्हा तुम्ही शेजाऱ्याचे आकडे घेऊ दिले नाहीत. शाळा सुटल्यावर थांबून त्याच्याकडून पुन्हा करून घेतलंत, जुळेपर्यंत. त्या दिवशी उशीर झाला म्हणून मी काळजीत होते, आणि हा घरात शिरला तो आकडे सांगतच.

पुढे साहित्याची नोंदवही त्याच्याकडे आली. काय फुटलं, काय संपत आलंय, आठवीला उद्या काय लागणार. ते काम त्याने चुकवलं तर करायला दुसरं कुणी नव्हतं. आठवीच्या मुलांना साहित्य हाताळायला शिकवणंही ओघाने त्याच्याकडेच आलं, म्हणजे बोलणं आलं. अडखळणं गेलेलं नाही. पण तो वाक्य पुरं करतो आणि ऐकणारे थांबतात. थांबायची सवय त्या वर्गाला तुम्ही लावलीत.

या सगळ्याचं नवल वाटून मी थोडं वाचलं. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या अमेरिकी संशोधकांनी कॅन्ससमधल्या लहान-मोठ्या माध्यमिक शाळांची तुलना करून 1964 मध्ये निष्कर्ष मांडले. मोठ्या शाळेत उपक्रम जास्त असतात, पण बरीच मुलं प्रेक्षक राहतात. लहान शाळेत उपक्रम कमी आणि ते चालवायला माणसंही कमी, म्हणून जबाबदारीच्या जागा जास्त मुलांच्या वाट्याला येतात. अभ्यासात मागे असलेल्या मुलांनाही तिथे "आपण नसलो तर अडेल" असं वाटतं. मोठ्या शाळेत नेमकी हीच मुलं कडेला पडतात. वाचताना माझ्यासमोर ती नोंदवही होती.

पण शाळा लहान असली की आपोआप सगळं घडतं, असं मात्र नाही, आणि आभार मानायचे ते याचसाठी. न्यूयॉर्क शहराने 2002 नंतरच्या काही वर्षांत मोठ्या, ढासळलेल्या सार्वजनिक शाळा बंद करून शंभराहून अधिक लहान माध्यमिक शाळा काढल्या, एका इयत्तेत साधारण 100 मुलं. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तिथे सोडतीने प्रवेश झाले, त्यामुळे नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं यांची रास्त तुलना करता आली. लहान शाळांतून वेळेत उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण स्पष्टपणे जास्त निघालं. कशामुळे, असं विचारल्यावर तिथल्या शिक्षकांनी मुलांशी असलेलं जवळचं नातं आणि अभ्यासाबाबतचा आग्रह, या दोन गोष्टी पुढे केल्या. अमेरिकेत इतरत्रही लहान शाळांचा प्रयोग झाला, पण सगळीकडे असं यश आलं नाही. लहान शाळेत मुलाला ओळखणं शक्य होतं एवढंच. ओळखायचं की नाही, हे शेवटी शिक्षकांवर असतं.

तुम्ही ओळखलंत. दर आठवड्याला तुम्ही सगळे शिक्षक एका टेबलाभोवती बसून एकेका मुलाबद्दल बोलता, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या मुलाची गणितं बरोबर यायची, फक्त शाब्दिक उदाहरणं तो कोरी सोडायचा. गणिताच्या सरांना वाटलं, वाचन कच्चं आहे. भाषेच्या बाई म्हणाल्या, छे, धडे तो उत्तम समजून घेतो. दोघं समोरासमोर होते म्हणून उलगडा झाला: शाब्दिक उदाहरण ज्याने सोडवलं त्याने ते उभं राहून मोठ्याने वाचायचं, असा गणिताच्या तासाचा रिवाज होता. वाचावं लागू नये म्हणून तो सोडवतच नव्हता! दुसऱ्याच दिवसापासून वाचणारा वेगळा आणि फळ्यावर सोडवणारा वेगळा, असं ठरलं. त्याचं नाव कुठेही न घेता. वीस शिक्षक एकमेकांना फक्त जिन्यात भेटतात, तिथे हे कुणाला कधी कळलं असतं?

जे शाळेत नव्हतं ते तुम्ही शहराकडून घेतलंत. सार्वजनिक ग्रंथालयातल्या अभ्यासिकेत मुलांसाठी जागा मिळवलीत, संग्रहालयात नेऊन एकाच वस्तूसमोर तास-तास बसवलंत. सगळी मुलं याच वस्तीतली, निवडून घेतलेली नाहीत, फी भरू शकणारी वेगळी काढलेली नाहीत. त्यांच्यासाठी ही दारं कुणीतरी आधी जाऊन ठोठवावी लागतात.

आता विलीनीकरणाबद्दल. मुलामागे खर्च जास्त येतो, हा मुख्य मुद्दा आहे आणि तो खोटा नाही. इमारत, प्रयोगशाळा, मुख्याध्यापक, हे सगळं थोड्या मुलांमध्ये वाटलं जातं. पण न्यूयॉर्कच्या त्याच शाळांचा हिशेब उत्तीर्ण होणाऱ्या मुलामागे मांडला तेव्हा खर्च कमी निघाला, कारण आणखी एक वर्ष काढावं लागणारी मुलं घटली. विलीनीकरणाचा विचार करणाऱ्या आपल्या समितीनेही हिशेब तसा मांडून पाहावा. मधेच शाळा सुटलेलं मूल कुठल्या रकान्यात धरलं आहे, हेही दाखवावं.

आम्ही काही पालकांनी मिळून तसं निवेदन तयार केलं आहे. या आठवड्यात सह्या पुऱ्या होतील. सुनावणीला मी येणार आहे आणि मुलगाही येतो म्हणाला आहे. त्याला बोलायला वेळ थोडा जास्त लागेल, तेवढं समितीला आधी कळवून ठेवाल का?

तुमची,
नोंदवही सांभाळणाऱ्या मुलाची आई