चार्जिंगला लावूनही उतरणारी बॅटरी : पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या ताईंना

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

तुमचं नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. वयाने मी तुमच्या वडिलांच्या आसपासचा असेन, पण तुमच्या लॅपटॉप-दुरुस्तीच्या टेबलासमोर उभं राहिलेल्या माणसाने वयाचा हिशेब करू नये हे मी तिथेच शिकलो. पत्र उघडं लिहितोय, कारण माझ्या लॅपटॉपला जे झालं ते बऱ्याच जणांच्या लॅपटॉपला होत असणार आणि त्यातल्या कितीतरी चांगल्या बॅटऱ्या उगाच बदलल्या जात असणार.

वाचणाऱ्यांसाठी आधी दुखणं सांगतो. मी दिवाळी अंकांची मांडणी करतो. गणपती गावाला गेले की आमची धावपळ सुरू. लेखकांचा उशिरा आलेला मजकूर, जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना फुटलेली जोडाक्षरं, ऐनवेळी वाढलेल्या जाहिराती आणि छापखान्यातून ‘फर्मा कधी देताय?’ हा फोन. लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असतो. तरी बॅटरी उतरायची. कोपऱ्यात प्लगची खूण जागच्या जागी, चार्जरचा दिवा चालू, आणि आकडा मात्र खाली खाली. सकाळी शंभर टक्के, जेवायला उठेपर्यंत पन्नासच्या आत, आणि दुपारी मोठ्या फोटोंच्या पानांची पीडीएफ काढायला घेतली की मशीन बंद पडलंच.

तुमच्याकडे येण्याआधी एके ठिकाणी ‘बॅटरी गेली’ असं निदान झालं होतं. दुसरीकडे ‘चार्जिंग आयसी (चार्जिंग सांभाळणारी चिप) गेलाय, बोर्ड काढायला लागेल, आठवडाभर ठेवून जा’. दोघांनीही आपला चार्जर लावून पाहिला होता. त्यांच्या टेबलावर लॅपटॉप व्यवस्थित चार्ज होत होता, तरीही निदान ठरलेलंच होतं. दुकानांची नावं लिहीत नाही. त्यांचा डाव होता असंही मला वाटत नाही. ‘बघून देतो, फुकट’ असं म्हणणाऱ्याला शेवटी काहीतरी विकावंच लागतं, एवढंच.

तुम्ही फोनवर विचारलंत, “लॅपटॉपला काय काय जोडलेलं असतं?” मी यादी दिली : बाहेरचा मॉनिटर, जुन्या अंकांची हार्ड डिस्क, माऊस, हे सगळं एका टाइप-सी हबमध्ये, म्हणजे एका तोंडाची अनेक तोंडं करणाऱ्या डबीत, आणि चार्जरही त्याच हबमध्ये. तुम्ही म्हणालात, “सगळं घेऊन या. वायरीसकट. घरी जसं मांडता तसंच इथे मांडायचं.” मॉनिटर सोडून सगळं आणलं. मॉनिटर तुमच्याकडचा लावलात. आजार बघायचा तर तो जिथे होतो तिथेच बघायला हवा, ही साधी गोष्ट आधी कुणालाच सुचली नव्हती.

पहिलं काम तुम्ही हाताने केलंत. झाकण मिटून लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवला आणि तो डुगडुगतोय का ते पाहिलं, मग ट्रॅकपॅड वर उचलल्यासारखं झालंय का त्यावर बोट फिरवलं. बॅटरी फुगली असती तर पुढचं काहीच करायचं नाही, चार्जिंगला लावायचं नाही, टोचायचं तर मुळीच नाही, आधी ती काढायची. फुगली नव्हती. मग लॅपटॉप पूर्ण बंद करून, हबशिवाय, माझ्याच चार्जरला लावून ठेवलात आणि मला चहा पिऊन यायला सांगितलंत. परत आलो तर टक्के चांगलेच वाढलेले. “बंद असताना भरतेय म्हणजे बॅटरी भरून घेतेय आणि बोर्ड भरून देतोय. आयसी गेला असता तर हे झालंच नसतं.” दोन निदानं एका चहात निकालात निघाली.

तरी तुम्ही तिथे थांबला नाहीत. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या विंडोजच्या काळ्या खिडकीत, पॉवर-सीएफजीची ती बॅटरीरिपोर्टची ओळ (powercfg /batteryreport) टाकलीत आणि विंडोजने एक पान तयार करून दिलं. हे पान विंडोजमध्ये आधीपासून असतं, त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही, हे मला तेव्हाच कळलं. त्यावर बॅटरीची मूळ क्षमता ५६ वॉट-तास आणि आता पूर्ण भरल्यावर ५१. नव्वद टक्क्यांच्या वर शिल्लक असलेली बॅटरी कुणी फेकून देतं का, असं तुम्ही माझ्याकडे न बघताच विचारलंत. त्याच पानावर खाली अलीकडच्या वापराची नोंद होती : वीज कुठून, तर एसी, म्हणजे चार्जर; आणि शेजारच्या रकान्यात उरलेली क्षमता ओळीगणिक कमी. माझी तक्रार खरी होती याचा तो छापील पुरावा. सांगून कुणाला पटत नव्हतं हो ते.

मग तुमच्या ड्रॉवरमधून ते अंगठ्याएवढं मीटर निघालं. एका बाजूला टाइप-सी घालायचं, दुसऱ्या बाजूने काढायचं, मधल्या काचेवर व्होल्ट आणि अँपिअर. आधी ते चार्जरची केबल आणि हब यांच्या मध्ये बसवलंत. २० व्होल्ट, २.९५ अँपिअर. गुणाकार मला करायला लावलात : ५९ वॉट. चार्जरवर तर ठळक १०० वॉट लिहिलेलं! मग मीटर हबच्या शेपटीला, लॅपटॉपच्या तोंडाशी. तिथे ४५ वॉटच. मधले चौदा हबने स्वतःसाठी आणि मॉनिटर-डिस्कच्या पोटपूजेसाठी राखून ठेवलेले. मग मला पीडीएफ काढायला लावलीत, आणि बॅटरी भरण्या-उतरण्याचा वेग दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये आकडा आला : उणे २२ वॉट. चार्जर लावलेला असताना उणे! बाहेरून ४५ येतायत, बॅटरीतून २२ जातायत, म्हणजे लॅपटॉप ६७ खातोय. तुम्ही म्हणालात, “नळाने टाकीत येतं त्याहून जास्त खाली मोरीत चाललंय. टाकी फुटलेली नाही काका, नळच बारीक आहे.”

बारीक नळ म्हणजे ती केबल. चार्जरच्या डब्यातली अपुरी पडते म्हणून लावलेली दोन मीटरची, वरून वेणी घातलेली, दिसायला दोरखंडासारखी मजबूत. पाकिटावर ‘फास्ट चार्जिंग’. तुम्ही मीटरवरचं बटण दाबून दाखवलंत की या केबलमध्ये ई-मार्कर नावाची चिप नाही. टाइप-सीवर चार्जर आणि लॅपटॉप आधी आपसात बोलून ठरवतात, पाच व्होल्ट, नऊ, पंधरा की वीस. आणि प्रवाह किती सोडायचा ते ठरवताना केबलचंही मत विचारलं जातं. तीन अँपिअरपेक्षा जास्त झेपेल असं सांगणारी चिप केबलमध्ये नसेल तर चार्जर तीनवरच थांबतो. वीस गुणिले तीन, साठ वॉट. चार्जर शंभरचा असो की आणखी मोठा, साठच. आणि हे बरोबरच आहे, असंही तुम्ही सांगितलंत, कारण पातळ तारेतून पाच अँपिअर सोडले तर ती तापेल. म्हणजे बिघडलेलं काहीच नव्हतं. चार्जर नियमाने वागत होता, हब आपला वाटा घेत होता, लॅपटॉप कमी पडेल तेवढं बॅटरीतून उचलत होता, आणि या सगळ्या शहाण्यांच्या मध्ये माझा अंक अडकला होता.

बाहेरून बघून केबलमधला हा फरक ओळखता येत नाही, याचा मला अजूनही राग येतो. दोन्ही टोकं सारखी, रंग सारखा, जाडीचा काही भरवसा नाही. आता नव्या केबलींवर ६० किंवा २४० वॉट असं छापायची पद्धत आली आहे, २०२१ च्या नव्या मानकानंतर मर्यादा २४० वॉटपर्यंत गेली ना, पण घराघरांतल्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या केबलींवर काही लिहिलेलं नाही. विंडोजमध्ये यूएसबीच्या सेटिंगमध्ये ‘चार्जिंग मंद होत असेल तर कळव’ अशी एक खूण असते, ती माझ्या मशीनवर बंद होती. तुम्ही चालू करून दिलीत.

तुम्ही पाच अँपिअरची केबल लावलीत. हबच्या पोटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, आत शंभर, बाहेर पंच्याऐंशी. तेच मीटरवर दिसलं. तीच पीडीएफ, तोच मॉनिटर, आणि आकडा उण्याचा अधिक झाला. ६७ लॅपटॉपला देऊन उरलेलं बॅटरीत चाललं होतं. मी दोनदा तरी विचारलं असेल, “म्हणजे झालं?”

त्यानंतर तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी बोर्डावर सोल्डरिंग करत जे बोलत होतात ते मी एका प्रुफाच्या पाठीवर टिपून घेतलंय. गोल पिनच्या चार्जरमध्ये काही कंपन्या मधोमध एक बारीक पिन ठेवतात, तिच्यातून अडॅप्टर ‘मी इतक्या वॉटचा’ असं लॅपटॉपला सांगतो. वायर वाकून वाकून ती तार आत तुटली, किंवा चार्जर नकली असला, तर लॅपटॉप चालतो, पण कण्हत चालतो, आणि बॅटरी भरून घ्यायला नकार देतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन अडॅप्टरपुढे वॉट दिसतात की ‘अननोन’ ते बघायचं. मोठ्या गेमिंग लॅपटॉपचा १८० किंवा २३० वॉटचा विटेएवढा चार्जर घरी ठेवून प्रवासात ६५ चा टाइप-सी लावणाऱ्यांची तक्रार तर तुमच्याकडे नेहमीचीच. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबत असेल तर तो बिघाड नाही, कंपनीच्या प्रोग्रॅममधली मर्यादा आहे. पण थांबणं वेगळं आणि उतरणं वेगळं. आणि उन्हाळा. बॅटरी फार तापली की बहुतेक लॅपटॉप चार्जिंग मंदावतात किंवा थांबवतात, म्हणून मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडून येणाऱ्या फोनना तुम्ही आधी ‘गादीवर ठेवलाय का?’ असं विचारता. हे ऐकून मला हसू आलं होतं. माझी बहीण अकोल्याला असते आणि लॅपटॉप गादीवरच ठेवते.

पैशांचं सांगतो, कारण मला खरे आभार त्याचेच मानायचे आहेत. तुम्ही केबलचे घेतलेत आणि तपासणीचे घेतलेत. तपासणीचे किती ते भिंतीवर लिहिलेलं होतं, आणि काही निघालं नाही तरी द्यावे लागतील हेही. माझ्यामागे उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, “नुसतं बघायचे पैसे?” तुम्ही शांतपणे ‘हो’ म्हणालात. मला त्यांना सांगावंसं वाटलं, अहो, त्या पैशांमुळेच यांना तुम्हाला बॅटरी विकायची गरज पडत नाही. माझ्या धंद्यातही हेच आहे. पान बघून ‘हा फोटो छपाईत काळा येईल’ असं आधी सांगणाऱ्याला कुणी पैसे देत नाही, काळं छापून झाल्यावर पुन्हा छापायला मात्र देतात.

अंक वेळेत गेला. तुमची प्रत दुकानाच्याच पत्त्यावर येईल. मुखपृष्ठ आतल्या पानांपेक्षा बरं झालंय, तेव्हा ते बघा.

एक काम आहे. आमच्या छापखान्यात छपाईच्या प्लेटा करायला बसणाऱ्या पोराचा लॅपटॉप सध्या चार्जर लावूनही जेमतेम तग धरतो, आणि त्याचा चार्जर गोल पिनचा आहे. बायोसमध्ये ‘अननोन’ दिसतंय, ते मी बघून ठेवलंय. सोमवारी त्याला पाठवतो. मूळ चार्जर आणि बाजारातून घेतलेला, दोन्ही घेऊन ये असं सांगितलंय. तपासणीचे पैसे पडतील हेही.

आपला,
एक मांडणीकार