शेवट कळला म्हणून काय झालं?

प्रिय सोन्या,
अनेक आशीर्वाद.

रूमवरच्या मित्राने ‘सिल्व्हर ब्लेझ’चा शेवट फोडला, म्हणून तू शेरलॉक होम्स या गुप्तहेराच्या गोष्टींचं पुस्तक कपाटात टाकलंस म्हणे. चिडलास ते बरोबरच आहे, असल्यांना काही सांगायची सोय नसते. पण पुस्तक बाहेर काढ. गुन्हेगार कोण हे माहीत असताना वाचण्याची मजा वेगळीच असते, आणि ती तुझ्या हातात आयतीच आली आहे.

गोष्ट १८९२ साली छापून आलेली. डार्टमूरच्या उजाड माळावरच्या तबेल्यातून शर्यतीचा घोडा नाहीसा होतो आणि त्याचा ट्रेनर मरून पडलेला सापडतो. त्या रात्री मोलकरीण हातात कंदील घेऊन, तबेल्यात पहाऱ्याला बसलेल्या पोऱ्याचं जेवण पोचवायला निघते. जेवणात मसालेदार मटण. तेवढ्यात अंधारातून एक अनोळखी माणूस पुढे येतो. झालं! आपण त्या माणसाच्या मागे लागतो आणि मटण विसरून जातो. ते लपवलेलं नसतं, आपल्या नाकासमोरून जातं.

नंतर कळतं की जेवणात अफूची पूड होती. अफूची चव साध्या जेवणात लगेच कळली असती, मसाल्यात ती दबली. मग नेमका त्याच रात्री तसा बेत व्हावा, हे बाहेरच्या माणसाला कसं जमेल? घरात आज काय शिजणार हे कोण ठरवतं? रोज फोडणी घालणारीला तरी हे पहिल्या वाचनात सुचायला हवं, पण होम्सचे लेखक डॉइलसाहेब सुचू देत नाहीत. त्या रात्री न भुंकलेल्या तबेल्यातल्या कुत्र्याचं जगभर कौतुक होतं, पण माझं मत मटणालाच. लंगडणाऱ्या मेंढ्याही नीट बघ, एका ओळीत येऊन जातात.

गंमत म्हणजे घोड्यांच्या शर्यतींतलं आपल्याला काही कळत नव्हतं, हे डॉइलने स्वतःच्या आठवणींत मोकळेपणाने कबूल केलं आहे. जाणकारांनी तेव्हाच चुका काढल्या होत्या. त्याने कथेचं काही बिघडलं नाही.

होम्सचीच दुसरी गोष्ट ‘रेड-हेडेड लीग’ अजून तुला कोणी फोडून सांगितलेली नाही ना? मग ती आधी वाच. लाल केसांच्या सावकाराला रोज चार तास विश्वकोश उतरवून काढायचे आठवड्याला चार पौंड मिळतात, हे इतकं चमत्कारिक आहे की आपण त्यातच रमतो. त्याच्या दुकानातला नोकर अर्ध्या पगारावर खुशीने राबतो, हे सावकार स्वतःच्या तोंडाने सांगतो. कोणी हौसेने अर्धा पगार घेईल का रे? पुढे होम्स दुकानासमोरच्या फरसबंदीवर काठी आपटतो, दार वाजवतो आणि नुसता रस्ता विचारून परत फिरतो. त्याची नजर कुठे गेली ते बघ. गोष्ट सांगणाऱ्या वॉटसनला, होम्सच्या मित्राला, सगळे बावळट म्हणतात, मला नाही पटत. त्याने पाहिलेलं सगळं इमानाने लिहून ठेवलेलं असतं, म्हणून तर आपल्याला मागे जाऊन तपासता येतं.

होम्सच्या अशा छप्पन्न कथा आहेत. सगळ्याच दुसऱ्या वाचनाला टिकत नाहीत, उत्तरार्धातल्या काही तर पहिल्यालाही नाहीत. पण रात्री जेवणानंतर एका बैठकीत संपतात, परीक्षेच्या दिवसांत तेवढंच परवडतं.

‘लीग’ वाचलीस की फोन कर. तळघराचा संशय तुला कोणत्या पानावर आला ते सांग. आलाच नसेल तर तेही सांग, मी हसणार नाही. फारशी.

तुझी,
आई